भाकरीचे नऊ तुकडे

१

आमची मुक्ताई काहीही मोजत नाही. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण भाकऱ्या किती झाल्या विचारलं तर म्हणते, "पुरतील." पाहुणे किती यायचेत? "येतील तेवढे." खराडी गावठाणातल्या तिच्या वयाच्या बहुतेक बायका अशाच. केलेली भाकरी मोजू नये, जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत, आणि घरातली माणसं तर मुळीच मोजू नयेत.

आणि मी पडलो मास्तर. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, रोज हजेरी घेतली. रिटायर झाल्यावर सकाळी उठून हजेरी कुणाची घ्यायची हा मोठाच प्रश्न पडला. मुक्ताईची घेण्याची माझी छाती नव्हती. मग मी मांजरांची घ्यायला लागलो.

आमच्या घराच्या मागे एक कट्टा आहे. सकाळी सातला मुक्ताई दुधात भिजवलेले भाकरीचे तुकडे त्या कट्ट्यावर ओळीनं ठेवते, आणि चारी बाजूंनी मांजरं येतात. ती मोजत नाही, पण तुकडे बरोब्बर नऊ पडतात आणि मांजरंही नऊच येतात. त्यांतला सगळ्यात म्हातारा बोका म्हणजे सरपंच. एक कान फाटलेला. कुणाचं ऐकायचं नाही आणि गावभर जेवायचं, म्हणून हे नाव.

एक जानेवारीला नवं कॅलेंडर आणलं आणि मागच्या खोलीच्या दाराला लावलं. त्याच्या कोपऱ्यात मी पेनानं लिहिलं : मांजरं ९, खारी ४, माणसं ३. माणसं म्हणजे मी, मुक्ताई आणि वरच्या खोलीतला उत्तरेश्वर. निलंग्याकडचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये. नावाला भाडेकरू, पण रात्रीचं ताट आमच्याच घरात.

मुक्ताईनं वाचलं आणि पदर कमरेला खोचला. "आवं, माणसं कशाला ल्हिली त्यात?"

"का? आपणही प्राणीच आहोत."

"तुम्ही असाल," ती म्हणाली. "खोडा ते. मोजलं की नजर लागती."

मी काही खोडलं नाही. उलट हसलो. तिला चिडवायला मला आवडतं, काय करू!

२

जानेवारीतच मार्केट यार्डातून दत्तोबाचा फोन आला. त्याचा भुसार मालाचा गाळा आहे. "मास्तर, उंदरांनी पोत्यांची चाळण केलीय. तुमच्याकडची दोन मांजरं द्या की."

दोन तरणी, धडधाकट मांजरं पोत्यात घालून मी रिक्षानं गुलटेकडीला नेली. रिक्षावाल्यानं सगळा रस्ता माझ्याकडे आरशातून बघितलं. दत्तोबानं गाळ्यात दूध ठेवलं, मांजरं लगेच रुळली. अजूनही तिथंच आहेत, मजेत आहेत, मी चौकशी केलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर पुन्हा नऊ होती.

दोन नवी होती. एक करडं, एक पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं. आकारानं थेट गेलेल्या दोघांएवढीच. यात नवल काही नाही, मी मनाशी म्हटलं. जागा रिकामी झाली, शेजारचं कुणीतरी आलं. निसर्गात असंच होतं. पोरांना मीच शिकवलंय.

"ती दोन जेवत न्हाईत," मुक्ताई चार दिवसांनी म्हणाली.

खरंच जेवत नव्हती. इतर सात चपाचपा खायची, ही दोन तुकड्यापुढे पाय जोडून नुसती बसायची. मग कावळा येऊन त्यांचा तुकडा न्यायचा. आठवडा गेला, महिना गेला. ना वाळली, ना म्यांव केलं. मला वाटलं, दुसरीकडे कुठेतरी खात असतील. पुण्यात मांजरांना काय तोटा!

पण सरपंच त्यांच्या शेजारी बसत नसे. मध्ये एका मांजराची जागा सोडून बसायचा.

३

फेब्रुवारीत कट्ट्यावरची गंगी व्याली. स्कूटरच्या कव्हरखाली तीन पिल्लं. मुक्ताईला कोण आनंद! स्वतःला जिऱ्याची फोडणी परवडत नसल्यासारखी वागते, पण गंगीला पंधरा दिवस तूप-भाकरी.

पिल्लं कट्ट्यावर चढायच्या बेताला आली, तेव्हाची गोष्ट. आमच्या मागच्या खोलीत भिंतीला लागून एक स्टीलची कोठी आहे, दोन पोती धान्य मावेल एवढी. जमीन बिल्डरला गेली तेव्हापासून रिकामीच, पण मुक्ताई दर शनिवारी घासून आरशासारखी लख्ख ठेवते. एका दुपारी चारच्या सुमाराला मी त्या खोलीत कांदे आणायला गेलो, तर आमची म्हातारी काळी मांजर कोठीसमोर बसलेली. भिंतीकडे तोंड, शेपटी पायांभोवती. हाक मारली, कान हलला नाही.

आणि आवाज येत होता. सूप पाखडल्याचा. फट्-फट्-सर्र. फट्-फट्-सर्र. आमच्या घरात सूप नाही. दळण निवडूनच मिळतं, मुक्ताईनं सूप कधीच देऊन टाकलं. शेजारी कुणी पाखडत असेल म्हणून बाहेर येऊन ऐकलं. बाहेर फक्त आयटी पार्कच्या जनरेटरची घरघर.

दुसऱ्या सकाळी पहिलं पिल्लू कट्ट्यावर आलं. काळी आली नाही. पुन्हा कधीच आली नाही.

पुढच्या दुपारी दुसरी एक मांजर कोठीसमोर बसली. सकाळी दुसरं पिल्लू वर, ती नाही. कट्ट्यावर नऊ.

आमच्या पेपरात हा हमखास प्रश्न असायचा : प्राण्यांची संख्या कशामुळे आटोक्यात राहते? चार कारणे लिहा. गुण चार. अन्न, जागा, रोगराई, शत्रू. माझ्या हाताखालून गेलेलं कुठलंही पोर झोपेत सांगेल. मी कॉटवर बसून एकेक खोडत गेलो. अन्न? मुक्ताई असताना? जागा ढीगभर. रोग म्हणावा तर एकही मांजर आजारी नव्हतं. राहिला शत्रू. कुत्री आमच्या फाटकात येत नाहीत. बिबट्या म्हणावा तर रक्ताचा थेंब नाही, केस नाही. खरं सांगतो, बिबट्याच असू दे रे देवा, असं मला वाटलं.

तिसऱ्या दुपारी कोठीसमोर गंगी बसली होती. पिल्लांची आई. पिल्लं बाहेर कव्हरखाली ओरडत होती आणि ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी तिला उचलून बाहेर ठेवलं. ती परत आत. पुन्हा ठेवलं, पुन्हा आत.

तेवढ्यात सरपंच आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गंगीजवळ गेला आणि एक पंजा असा हाणला की ती कोलमडली. मग तिच्या जागेवर स्वतः बसला. शेपटी पायांभोवती घेतली. गंगी अंग झटकून उठली, झोपेतून जागी झाल्यासारखी इकडेतिकडे बघितलं आणि पळत पिल्लांकडे गेली.

दुसऱ्या सकाळी तिसरं पिल्लू कट्ट्यावर आलं. सरपंच नव्हता. मुक्ताईनं त्याचा तुकडा हातात धरून बराच वेळ हाका मारल्या. ती जेवत नसलेली दोन मांजरं मात्र होती तिथंच होती.

४

मार्चमध्ये भाग्यश्री आली. आमची एकुलती एक. तिचे यजमान विक्रमराव कंपनीकडून दोन वर्षांसाठी जर्मनीला गेलेले, हिंजवडीचा फ्लॅट सोडलेला, आणि हिचं ऑफिस खराडीतच. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नंतरही इथंच राहायचं असं ठरलं. मुक्ताईच्या अंगात वीस वर्षांचं बळ आलं. डोहाळजेवणाची तयारी एकटीनं केली.

भाग्या यायच्या आदल्या दिवशी उत्तरेश्वर खाली आला. "सर, दुपारचं खालच्या मागच्या खोलीत बसून काम करू का? वर पत्रा लई तापलाय. ही खोली गार आहे बघा."

"बस की," मी म्हणालो. मी म्हणालो! माझ्याच तोंडानं.

चार वाजता चहा द्यायला गेलो. लॅपटॉप बॅगेतच होता. बॅग मांडीवर घेऊन पोरगा कोठीकडे तोंड करून बसला होता. "उत्तरेश्वर?" म्हटलं. "हं सर," म्हणाला, पण वळला नाही. चहा तसाच गार झाला. फट्-फट्-सर्र.

सकाळी भाग्याची गाडी आली, ओवाळणं झालं, हसणं-रडणं झालं. दुपारी मी वर गेलो. खोली रिकामी. अंथरूण नीट घडी घातलेलं, बॅग नाही. पोरं अशीच असतात, बंगळुरूला नोकरी लागली असेल, सांगायचं राहिलं असेल. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच्या चपला जिन्याखाली होत्या. एकच जोड होता त्याच्याकडे, रबराचा अंगठा शिवलेला.

आठवड्यानं त्याच्या आईचा निलंग्याहून फोन आला. "सर, लेकरू फोन उचलंना." पोलिसांत तक्रार झाली, येऊन खोली बघून गेले. मी त्यांना कोठी दाखवली. त्यांनी झाकण उघडून आत बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

त्या संध्याकाळी मी कॅलेंडरवरचा तीनचा आकडा खोडून पाच केला. मग कॅलेंडरच काढून टाकायला निघालो. पण पुस्तकातला आकडा खोडला म्हणून रानातले ससे वाढत नाहीत, हे मला कळत होतं. मुक्ताईचं ऐकायला हवं होतं, तेही कळत होतं.

५

परवा भाग्याला मुलगी झाली. तीन किलो, नाक आमच्या मुक्ताईचं. दवाखान्यात तिला हातात घेतलं तेव्हा माझा चष्मा धुकट झाला, नर्स हसली. काल म्हणाले, उद्या दुपारी घरी सोडतो.

मी घरी आलो. चार वाजले होते. मुक्ताई स्वयंपाकघरात नव्हती, अंगणात नव्हती.

ती कोठीसमोर बसली होती. पाय दुमडून, पदर नीट पायांभोवती घेऊन.

"मुक्ते," मी म्हणालो. एकोणचाळीस वर्षांत मी तिला अशी हाक चारदोनदाच मारली असेल. "अगं ऊठ. डिंकाचे लाडू व्हायचेत."

"व्हतील," ती म्हणाली. भिंतीकडे बघूनच. "हितं बरं वाटतंय वो. लई गार वाटतंय."

मी तिला धरून उठवलं, तसंच रिक्षात घातलं आणि सासवडच्या गाडीत बसवून तिच्या बहिणीकडे पोचवून आलो. बहिणीला सांगितलं, दोन दिवस हिला सोडू नकोस. रात्र दवाखान्यात भाग्याजवळ काढली. आज सकाळी घराचं कुलूप काढलं तर मुक्ताई कट्ट्यावर तुकडे ठेवत होती. पहिल्या गाडीनं आली म्हणे. मागच्या फाटकानं आत शिरली.

"करमंना," ती म्हणाली. डोळ्यांत अजून झोप होती, गंगीच्या होती तशी. "नात यायची आन मी सासवडात बसू व्हय?"

भाग्याला म्हटलं, बाळाला घेऊन कुठंतरी दुसरीकडे राहू या का? ती रडायलाच लागली. "बाबा, तुम्हाला आम्ही जड झालो का?" टाके ओले असलेल्या पोरीला मी काय सांगणार, की सूप पाखडतंय? आणि कुठंही नेलं तरी मुक्ताई इथं परत येणार. ती एकदा बसली होती.

तेव्हा मला सरपंचाची आठवण झाली. आणि खरंच सांगतो, जीव हलका झाला.

६

हे मी कॅलेंडरच्या संपलेल्या पानांच्या पाठीमागे लिहितोय. पावणेचार झालेत. माझा पुतण्या रणजित गाडी घेऊन भाग्याला आणायला गेलाय.

मुक्ताई दुपारचं आवरून या खोलीत आली तेव्हा तिच्या जागेवर मी बसलो होतो. मांडी घालून, ही पानं पुढ्यात. तिनं मला उठवायला बघितलं. मी तिचा हात झटकला, जरा जोरातच. ती मागे सरकली, डोळे चोळले, आणि मग तिचे डोळे एकदम स्वच्छ झाले. माझी मुक्ताई परत आली होती. आणि तिला सगळं समजलं.

"येडं का खुळं हो तुम्ही?" ती म्हणाली. "उठा आधी."

"लाडू वळायला मला येतात का? बाळाला न्हाऊमाखू घालायला येतं? मी काय हजेरी घेणार तिची?"

ती रडली. मीही रडलो. लाज कसली त्यात! मग ती आत गेली आणि स्वतःचा पाट घेऊन आली. माझ्याशेजारी मांडला आणि बसली.

"हे काय?"

"दोघं जाऊ," ती म्हणाली. "एक जागा शिल्लक ऱ्हाईल. भाग्याला दुसरं झालं तर? तवा कुणाला उठाय नको."

आयुष्यभर हिनं असंच केलं. पाहुण्यांसाठी एक भाकरी जास्तीची, पावसासाठी एक मूठ डाळ बाजूला. मी तिच्याकडे बघत राहिलो. मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ हो म्हणालो.

मग बाहेर कट्ट्याकडे नजर गेली. करडं आणि ठिपक्यांचं, दोघं पाय जोडून बसली होती. घराकडे तोंड करून.

"मुक्ते," मी म्हणालो. "इथं जागा रिकामी राहत नाही. मी दोन मांजरं मार्केट यार्डात नेली होती. आठवतंय, त्यांच्या जागी काय आलं?"

मुक्ताईनं मान वळवली. बाहेर बघत राहिली.

"भाग्या आणि बाळ, दोघीच उरल्या तर तिसरं कोण येऊन बसेल घरात? जेवणार नाही. बाळाच्या पाळण्याशेजारी पाय जोडून बसेल. चालेल तुला?"

मुक्ताई उठली. पाट उचलला. आत जाऊन माझी कानटोपी घेऊन आली. मे महिना आहे हो, बाहेर चाळीस अंश! पण ही खोली गार आहे. तिनं ती माझ्या डोक्यावर चढवली, दोन्ही कान नीट झाकले.

"सरपंच भेटला तर सांगा," ती म्हणाली. "त्याचा तुकडा मी रोज ठेवती. तुमचाबी ठेवीन."

"मग अकरा होतील."

"मी कुठं मोजती!"

फाटकापाशी हॉर्न वाजला. "जा," मी म्हणालो, "बाळावरून भाकरतुकडा कोण ओवाळणार?" ती गेली. दारात एकदा थांबली, पण वळली नाही. मीच वळू नको म्हटलं होतं.

आवाज सुरू झालाय. जवळून ऐकला तर वाईट नाही. भीती वाटत होती तेवढी नाही. कोठीच्या लखलखीत पत्र्यात मी दिसतो, कानटोपीसकट, पोट फुगलेला. माझ्या मागे भिंत दिसायला हवी आणि कांद्याचं पोतं. पण मागे ओळ दिसते आहे. काळी. तिच्या शेजारची. एक कान फाटलेला. त्यांच्या पलीकडे कुणीतरी मांडीवर बॅग घेऊन बसलंय, पाय अनवाणी. आणि सगळ्यांच्या मागे, जिथं पत्रा वाकतो तिथं, दोन हात वरखाली होताहेत. तोंड दिसत नाही. मी मागे वळून बघितलं. भिंत आणि कांदे.

पुन्हा कोठीत बघितलं. सरपंचानं माझ्या शेजारी जागा केली आहे. मध्ये अंतर न सोडता.

पुढच्या दारात ओवाळणं चाललंय. बाळ रडतंय, चांगला खणखणीत आवाज आहे. भाग्या विचारतेय, "आई, बाबा कुठेत?" आणि मुक्ताई तिला उत्तर न देता मोठ्यानं काहीतरी म्हणतेय, मला ऐकू यावं म्हणून. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

"एक," ती म्हणतेय. "दोन."

मग अगदी स्वच्छ, "तीन. हजेरी भरली वो मास्तर."

माझ्या चपला मी जिन्याखाली उत्तरेश्वरच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्यात. बाळंतिणीच्या पायात यायला नकोत.